फॅमिलीचा पास

सुरुवातीलाच माफी मागतो. ज्या गोष्टीबद्दल लिहितोय ती मी स्वतः केलेली नाही. बर्फावरून घसरत खाली जाणं, म्हणजे स्कीइंग, मी फक्त लॅपटॉपच्या पडद्यावर बघितलंय, आणि ज्या सहलीबद्दल हे आहे त्या सहलीला मी गेलोही नव्हतो. लिहिण्याचं म्हणाल तर आमच्या घरात निबंधाच्या वहीपलीकडे कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मीच पहिला. इथल्या मंडळाच्या अंकाचं काम बघणाऱ्या काकू म्हणाल्या, "तू शिकतोयस, तू काहीतरी द्यायलाच हवंस. प्रवासवर्णन दे." मला नाही म्हणता आलं नाही. माझा प्रवास म्हणजे कार्डिफ ते रीडिंग आणि परत. त्या प्रवासात जे सांगण्यासारखं वाटलं ते लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कार्डिफला एमएससी करतो. माझी ताई रीडिंगला असते. ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. बारावीनंतर तिचं लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं. इथे ती एका प्राथमिक शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दुपारी मुलांना जेवण वाढते. दाजी सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्यांना दोन मुली, थोरली दहा वर्षांची आणि धाकटी सात. शिवाय या हिवाळ्यात दाजींचे वडील, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. आबा एसटीत कंडक्टर होते. बत्तीस वर्षं घाटातल्या गाड्या केल्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुणी दार उघडं ठेवून आत आलं की "दार ओढा, गाडी सुटतीय" असं त्यांच्या तोंडून निघतंच.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी दाजींचा फोन आला. "येताना लॅपटॉप आण. काम आहे."

फेब्रुवारीच्या हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत, सगळ्यांनी स्कॉटलंडला स्कीइंगला जायचं ठरलं होतं. राहायला एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं. राहिले होते ते फक्त पास. डोंगरावर वर नेणाऱ्या लिफ्ट असतात, त्यात बसायला पास लागतो, आणि त्या पासांचे इतके प्रकार होते की दाजी हरले होते.

"पैशाचं मी बघतो," ते म्हणाले. "तू फक्त बरोबर पास निवड. मी ती वेबसाइट उघडली की मला झोप येते. तू डेटाचं शिकतोयस ना?"

मला कुणी असं महत्त्वाचं काम क्वचितच सांगतं. घरी असताना लाइट बिल भरणं आणि बँकेचे फॉर्म लिहिणं एवढंच 'शिकलेल्या'कडे यायचं. मी ट्रेनमध्येच लॅपटॉप उघडला. डोंगराचा नकाशा समोर आला आणि मला पुढचं स्टेशन कधी आलं ते कळलं नाही. पांढऱ्या डोंगरावर रंगीत वाटा काढलेल्या. हिरवी सगळ्यांत सोपी, मग निळी, मग लाल, आणि काळी म्हणजे ज्यांना जिवाची पर्वा नाही त्यांच्यासाठी. पायथ्याशी नवशिक्यांचा एक सपाट तुकडा, तिथे सरकता पट्टा. त्यावर नुसतं उभं राहायचं, तो थोडं वर नेतो. मग तारेवरून जाणारी मोठी गंडोला, बंद काचेच्या डब्यांची, ती थेट वरच्या टोकापर्यंत. तिथे हॉटेल. आणि त्या हॉटेलाच्या दारातून सुरू होणारी एक लांबलचक हिरवी वाट, वळणं घेत घेत पार खालपर्यंत आलेली. ती वाट मी बोटाने तीनदा उतरलो. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

रीडिंगला पोचलो तर दारातच धाकटी भाची. "मामा, तू पण येतो ना आपल्यासोबत? बाबा म्हणाला तू येतो."

मला माहीतच नव्हतं. दाजी आतून म्हणाले, "अरे हो, तुलाही घेतलंय. सात सीटची गाडी आहे. एकटा तिथे काय करणार आहेस?"

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला जो आनंद झाला तो लपवता आला नाही. सहलीच्याच आठवड्यातल्या मंगळवारी कॉलेजात आमच्या गटाचं प्रेझेंटेशन होतं. मला ते पक्कं माहीत होतं. मी काही बोललो नाही.

शनिवारी सकाळी दाजी आणि आबा मुलींना घेऊन पोहायच्या क्लासला गेले. मी टेबलावर पासांचा तक्ता करत बसलो होतो. ताईने आतून हाक मारली. मी गेलो तर ती स्टुलावर चढून कपाटाच्या वरून एक पिशवी काढत होती. पिशवीत बर्फात घालायची जाड पँट होती, काळी, बाजूला पिवळी पट्टी असलेली.

"चॅरिटी शॉपमध्ये मिळाली," ती म्हणाली. "कुणाला दाखवलेली नाही अजून."

"का? छान आहे की."

"घालून कुठे जाऊ? वरच्या हॉटेलात चहा प्यायला?"

मला आधी कळलंच नाही. मग तिने समजावून सांगितलं. स्कीइंग करणार होते दाजी, मी आणि दोन्ही मुली. ताई आणि आबांसाठी नुसतं गंडोलात बसून वर जाऊन यायचं तिकीट घ्यायचं ठरत होतं. असं कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआपच तसं होत आलं होतं.

"ह्यांनी मला नको म्हटलेलं नाही," ताई म्हणाली. "पण आबांना एकट्याला कसं सोडायचं, हे माझ्याच मनात येतं आधी. मग मीच म्हणते, मी थांबते. मुली सायकल शिकल्या तेव्हा मी थांबले. एरवी पोहायला जातात तेव्हा टॉवेल धरून मी बसते. ह्या वेळी मला कुणाची जाकिटं धरून उभं राहायचं नाही. मला वरनं खाली यायचंय. त्या पोरींसारखं."

तिने नकाशा बघितलाच नव्हता, तरी वरनं खाली म्हणताना तिचा हात वळणं घेत घेत खाली आला.

"मी दाजींना सांगू?"

"अजिबात नाही. आबांसमोर कसं दिसेल ते? सून म्हणते, तुम्ही बसा एकटे, मी घसरगुंडी खेळून येते." ती हसली. "तू फक्त ते कागद बघ. कशात बसतंय का. आणि बोलू नकोस."

मी बघतो म्हणालो. पण बघायचं काय होतं? तक्ता तयार होता आणि उत्तर त्यात स्पष्ट होतं. तिथे फॅमिली पास नावाचा एक प्रकार होता. दोन मोठे आणि दोन मुलं, सगळा डोंगर, सलग पाच दिवसांपैकी कुठलेही तीन. आमच्या घराला तो तंतोतंत बसत होता. फक्त मोठ्यांच्या दोन जागांपैकी दुसरी जागा दाजींनी माझ्यासाठी धरली होती. ताईला ती द्यायची तर माझी जायला हवी होती. वेगळा पास काढून मीही जाऊ शकलो असतो, पण मग आबांजवळ कोण, हा प्रश्न पुन्हा उभा राहिलाच असता.

इथे मला एक कबूल करायचंय. ताईने मला वाढवलंय. आई शेतात असायची तेव्हा माझी शाळेची बॅग भरून द्यायची ती, आणि कार्डिफला येण्याचा फॉर्म मी तिच्याच घरी बसून भरला. तरीसुद्धा त्या दुपारी मी दोन तास गप्प बसलो, कारण मला स्वतःला जायचं होतं. ट्रेनमध्ये बोटाने उतरलेली ती वाट माझ्या डोक्यातून जात नव्हती.

दुपारी जेवणं झाल्यावर दाजी चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसले. मी छापून आणलेल्या नकाशावर मुली ओणवल्या. ताई आत संध्याकाळच्या पोळ्या लाटायला लागली. आबांनी चष्मा लावला आणि खुर्ची ओढली.

"काय पाव्हणं, कुठवर आलं?"

"आबा, पास बघतोय."

"मग मला दाखवा की. जन्मभर तेच बघितलंय. फोटो असतो का त्याच्यावर?"

"इथे नसतो. कार्ड असतं, ते खिशात ठेवायचं. गेटपाशी गेलं की गेट आपोआप उघडतं."

"खिशातलं गेटाला कसं दिसतं?"

"आत चिप असते."

"आन चेक कोण करतं?"

"गेटच करतं."

आबांनी चष्मा काढून हातात घेतला. "म्हंजे कंडक्टर न्हाईच."

"नाही."

"मग एका कार्डावर दोघं घुसली तर?"

"आबा, दॅट्स चीटिंग," थोरली म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. हिला कळतंय, गेटाला कळतंय का?"

दाजींनी हसत लॅपटॉप आपल्याकडे फिरवला. मी त्यांना सगळे प्रकार वाचून दाखवले. एका दिवसाचा, अर्ध्या दिवसाचा, नवशिक्यांचा, जो फक्त खालच्या सरकत्या पट्ट्यापुरता चालतो, मग नुसतं गंडोलाचं तिकीट, आणि फॅमिली पास.

"हाच," दाजी म्हणाले. "दोन मोठे, दोन मुलं. मी, तू आणि ह्या दोघी. आणि आबांचं अन् हिचं गंडोलाचं तिकीट. संपलं."

"थांबा," आबा म्हणाले. "काय नाव सांगितलं त्या पासाचं?"

"फॅमिली पास."

"मग त्याच्यावर पाव्हणं कसं जाणार?"

"का नाही जाणार?"

"आरं, फॅमिलीचा पास हाय ना? फॅमिली तर आत चपात्या लाटतीय."

इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगतो. आमच्याकडे फॅमिली म्हणजे बायको. 'साहेब फॅमिलीला घेऊन आलेत' म्हटलं की गाडीतून एकच बाई उतरते. मुलंबाळं असली तर ती वेगळी सांगावी लागतात. आबांच्या कानाने त्या पासाचं नाव बायकोचा पास असं ऐकलं होतं, आणि बायकोच्या पासावर मेव्हणा कसा बसतो हे त्यांना कळत नव्हतं.

दाजी इतके हसले की कपातला चहा नकाशावर सांडला. "आबा, इथे फॅमिली म्हणजे सगळं घर."

"असंल. पण एकाच्या नावाच्या पासावर दुसरा बसवायचा न्हाई. मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याला गाडीतनं उतरवलंय. भावाचा पास घिऊन चालला होता. दोन वर्षं माझ्या दारात आला न्हाई त्यो."

"आबा, तसं नाही ते."

"मग नाव बदला म्हणावं."

दाजी माझ्याकडे वळले. "अरे, तूच सांग ह्यांना. तू नियम वाचलेस ना सगळे? काय लिहिलंय?"

मी वाचले होते. कुठलेही दोन मोठे चालतात, नातं विचारत नाहीत, असं साफ लिहिलं होतं. तेवढं बोललो असतो तर विषय मिटला असता आणि मी स्कॉटलंडला गेलो असतो. स्वयंपाकघरातला लाटण्याचा आवाज थांबलेला मला ऐकू आला. ताईने बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि दाजींच्या घरी जेवून त्यांच्यासमोर त्यांच्या संसारातलं काही बोलायचं मला कधी सुचलेलं नाही.

"कुठलेही दोन मोठे चालतात," मी म्हणालो. "म्हणजे मी चालतो. पण दाजी, आबा म्हणतात तसंच करूया. ती जागा ताईला द्या. तिला स्कीइंग करायचंय."

"कुणाला?"

"ताईला."

मग धाकटी म्हणाली, "आई पडेल."

"आणि माझं त्या आठवड्यात प्रेझेंटेशन आहे," मी घाईघाईने पुढे म्हणालो. "मंगळवारी. मी सांगितलं नव्हतं."

"मग येणार कसा होतास?"

"आजारी पडणार होतो."

आबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "शाबास. आन ह्यो घरातला पहिला शिकलेला."

दाजी मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. "अगं, जरा बाहेर ये."

ताई आली. हाताला पीठ. लहानपणी मी दूध उतू घालवल्यावर बघायची तसं तिने आधी माझ्याकडे बघितलं.

"तुला स्कीइंग करायचंय?"

"मी कुठे काय म्हटलं."

"हा म्हणतोय."

"त्याला काय कळतंय." ती टेबलापाशी आली. नकाशावर चहाचा डाग पसरत होता, तो तिने पदराने टिपला. मग नकाशाकडेच बघत म्हणाली, "करायचंय."

"मग बोलायचं ना आधी."

"तुम्ही विचारायचं ना."

दाजींनी हातातला कप टेबलावर ठेवला. ते वाईट माणूस नाहीत हे मला इथे लिहायलाच हवं. त्यांनी खरंच विचार केला नव्हता, आणि आता तो करताना त्यांचा चेहरा जरा ओशाळला होता. शेवटी पुन्हा ताईच म्हणाली, "पण आबांचं काय?"

"आबांचं काय?" आबा म्हणाले. "मी काय स्टँडवर चुकलेलं पोरगं हाय? मला काचंच्या आत बसवा, एक चहा सांगा. कोण कसं पडतंय ते बघत बसतो. मला कशाला सोबत? वर्षानुवर्षं साठ-साठ माणसं एकट्यानं नेली मी."

इथवर आल्यावर मला वाटलं, झालं. पण पास निवडण्याचं खरं काम तिथून सुरू झालं. मला जे दिसत होतं ते सांगणं भाग होतं. फॅमिली पास सगळ्या डोंगराचा. पण जी बाई आयुष्यात कधी स्कीवर उभी राहिलेली नाही तिला पहिले दिवस खालच्या तुकड्यातच काढावे लागतात. तीन दिवसांत शिक्षकाने वर जायला परवानगी दिली नाही तर तो पास तिच्या काही उपयोगाचा नाही. नवशिक्यांचा पास तिला पुरेसा होता. दाजींची आणि मुलींची एकेका दिवसाची तिकिटं वेगळी घेतली तर तेही जमत होतं.

"मग हिच्यासाठी खालचाच घेऊ," दाजी प्रेमाने म्हणाले. "उगाच दडपण नको. आरामात शिक."

ताईने मला विचारलं, "खालच्या पासावर वर जाता येतं का?"

"नाही. ते गेट उघडत नाही."

"तिसऱ्या दिवशी मला यायला लागलं तर?"

"तरी नाही. त्या वेळी नवा काढावा लागेल, आणि सुट्टीच्या आठवड्यात शिल्लक असतीलच असं नाही."

ती दोन बोटांनी त्या हिरव्या वाटेच्या टोकाला, हॉटेलच्या चित्रावर, टेकून उभी होती. "मग वरचा घे."

मी 'पुढे जा' दाबलं. एकेकाचं वय भरलं. पाच दिवसांपैकी तीन असाच प्रकार घेतला, कारण मी वाचलं होतं की स्कॉटलंडमध्ये वारा फार, वर लिफ्ट बंद पडतात, आणि ठरावीक दिवसांचा पास असेल तर तो दिवस गेला तो गेलाच. हे मी दाजींना समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघा आबा, शिक्षणाचा उपयोग." आबा म्हणाले, "आजारी पडायचा बेत पण शिक्षणानंच सुचला आसंल." शेवटचं बटणही मीच दाबलं. पास आल्याचा ईमेल आला तेव्हा धाकटीने तो मोठ्याने वाचला, आणि दोन मोठे म्हणून लिहिलेल्या ओळीत ताईचं नाव आलं तेव्हा सगळे एकदम हसले. ताई परत आत गेली. जरा वेळाने मी गेलो तर ती म्हणाली, "तुला बोलू नको म्हटलं होतं." मग मला एक पोळी वाढली, तूप लावून, जेवण झालेलं असताना.

हाफ टर्म आला. शनिवारी पहाटे ते निघाले. मी कार्डिफला होतो, पण सगळा आठवडा माझा जीव त्या डोंगरावर होता. तिथल्या वेबसाइटवर कॅमेरा होता, दर थोड्या वेळाने नवं चित्र येई. कुठल्या लिफ्ट चालू, कुठल्या बंद, हे हिरव्या-लाल ठिपक्यांनी दाखवत. कोर्सवर्क करता करता मी तेच उघडून बसायचो. माझ्या शेजारच्या खोलीतला ग्रीक मुलगा विचारायचा, "तुझी माणसं आज कशी आहेत?"

सोमवारी सगळे ठिपके लाल. वारा. डोंगरच बंद. मी मनातून किती खूश झालो हे सांगायला संकोच वाटतो, पण आमच्या पासातला एकही दिवस वाया गेला नव्हता. दाजींचा मेसेज आला, "मान गए मेव्हणे. शेजारच्या घरातल्या लोकांचा आजचा दिवस गेला. आम्ही स्नोमॅन करतोय. आबा म्हणतात त्याला टोपी कंडक्टरची हवी."

मंगळवारी प्रेझेंटेशन झालं. बरं झालं, मला तीन प्रश्न विचारले, त्यांतल्या दोनांची उत्तरं आली. बाहेर येऊन आधी फोन बघितला. थोरलीने लिहिलं होतं, 'आई एलेव्हन टाइम्स पडली.' संध्याकाळी ताई स्वतः बोलली. "पाय माझे राहिलेत कुठे ते बघतेय. पट्ट्यावरच पडले रे पहिल्यांदा. चालू पट्ट्यावर. मागची सगळी पोरं माझ्यावर." ती हसत होती, पण मी विचारलं, "वर कधी?" तेव्हा म्हणाली, "बघू."

बुधवारी वरचा ठिपका हिरवा झाला. दाजी मुलींना घेऊन वर गेले, आबाही. ताई खालीच. तिची शिक्षिका म्हणाली होती, वळता येतंय पण थांबता येत नाही, आणि थांबता येत नाही तोवर मी वर सोडणार नाही. संध्याकाळी फोन दाजींनी घेतला. आवाज हळू होता. "ती आज गप्पच आहे. मी म्हटलं पुढच्या वर्षी परत येऊ. तर म्हणाली, पास ह्या वर्षीचा आहे."

गुरुवार त्या पासाचा तिसरा दिवस. मी सकाळी लायब्ररीत जाऊन बसलो. वरचा ठिपका हिरवा होता, पण खाली सूचना होती, दुपारनंतर वारा वाढेल, गंडोला कधीही बंद होऊ शकते. मी पुस्तक उघडलं आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचलं. कुणाचा मेसेज नाही. कॅमेऱ्याच्या चित्रात पांढऱ्यावर बारीक बारीक काळे ठिपके, त्यांतला कुठला माझ्या बहिणीचा ते कळायला मार्ग नव्हता. पावणेबाराला धुकं आलं आणि चित्र नुसतंच पांढरं झालं. बाराला मी दाजींना मेसेज केला. त्यावर एकच बरोबरची खूण राहिली. वर रेंज नसते, हे मला माहीत होतं, तरी मी तो मेसेज चार वेळा उघडून बघितला.

त्या बसल्या जागी मला वाईट शंका येऊ लागली. खालचाच पास घेतला असता तर ती तीन दिवस मजेत पडली असती, हसली असती, आणि कुणाला काही सिद्ध करायला नको होतं. वरचा पास मी काढला होता. तिने सांगितलं म्हणून काढला होता, पण बटण माझ्या बोटाने दाबलं होतं.

पाऊण वाजता वरचा ठिपका पिवळा झाला. म्हणजे गंडोला थांबवून ठेवली आहे. मी उठून जिन्यात गेलो, उगाच दोन मजले उतरलो आणि चढलो. एकला पुन्हा हिरवा. मी परत जागेवर येऊन बसलो.

दोन वाजून वीस मिनिटांनी फोन थरथरला. ताईचा. मी तो घेऊन जिन्याकडे धावलो आणि दार मागे आपटलं. पलीकडून आधी नुसता वारा ऐकू आला, मग तिचा श्वास.

"ऐकू येतंय का?"

"येतंय. कुठे आहेस?"

"खाली. आत्ता आले. वरनं."

"हॉटेलापासून?"

"हॉटेलापासून. सकाळी बाईंनी थांबून दाखव म्हटलं, मी थांबून दाखवलं. तीन वेळा. मग सोडलं. गंडोला मध्येच लटकत राहिली, आबा म्हणाले घाटात असंच असतं." ती धापा टाकत होती. "दोनदा बसले मधे. एका बाईवर आदळले, ती सॉरी म्हणाली, मी पण म्हटलं. आणि मग शेवटचं ते लांब वळण आहे ना, नकाशातलं, ते सगळं उभ्याने."

"दाजी कुठेत?"

"मागे आहेत, धाकटी दमलीय, तिला धरून आणतायत. मी म्हटलं, या तुम्ही सावकाश." फोनवर कुणीतरी इंग्रजीत काहीतरी ओरडलं, लिफ्टबद्दल. "अरे, अजून चालू आहे ती. बंद व्हायच्या आत परत एकदा जाऊन येते. ठेव, ठेव."